मापाला अंगठा

गुमानचे फोटो एकेक येत नाहीत.
तोरणमाळच्या त्या अंगाला, नर्मदेकडे उतरणाऱ्या पाड्यात
रेंज नाही. आठवडाभराचं रान खिशात घालून
तो खिंडीतल्या एका खडकावर चढतो, हात उंच धरतो,
आणि इकडे शहाद्यात, भाकरी मोडता मोडता,
माझ्या ताटाशेजारी सतरा झाडं एकदम उगवतात.

पहिला फोटो चपलेचा. हमखास.
दुसऱ्यात फूल धुरकट, आणि त्याच्यामागचा डोंगर
असा लख्ख, की सागाची खोडं मोजून घ्यावीत.
कॅमेऱ्याला लांबचं कळतं, गुमानला जवळचं.
मधल्या मध्ये माझी पंचाईत.

यंदा भादव्यात त्यानं एक कंदीलफूल पाठवलं.
खर्पुडीच्या गोतातलं, एवढं नक्की:
बुडाशी फुगीर, मानेत बारीक,
वर पाच पाकळ्या टोकाला जुळून घुमटी झालेल्या.
पुढचं अडलं.
तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर एक जात,
पाचाच्या पुढे गेलं तर दुसरी,
पानाखाली लव असली तर तिसरीच काहीतरी.
फोटोत पान पालथं नव्हतं, पट्टी नव्हती.
होता फक्त देठ धरलेला अंगठा,
नखात माती, विळ्याचा जुना वण.

पान उलटं करून पाठव, मी कळवलं.
चार दिवसांनी त्याचा आवाज आला, मागे वारा, मागे कोंबडी:
"सर, पान राहिलं नाही. बकरीनं खाल्लं.
कंद वेस्तीनं काढला. कच्चाच खाल्ला आम्ही. गोड होता."
मग वेस्तीला विचारून त्यानं नावं सांगितली, दोन:
कोवळ्या पाल्याची भाजी करतात तेव्हाचं एक,
कंद हाती लागतो तेव्हाचं एक.
आणि फुलाला?
फुलाला कशाला नाव, वेस्ती म्हणाली,
ते कुठं खातात.

मी तीस वर्षं फक्त फुलंच बघत आलो.

बाजाराच्या दिवशी गुमान खाली उतरला,
मीठ, सुकी मासळी, टॉर्चचे सेल घ्यायला.
प्रयोगशाळेत डांबरगोळ्यांचा वास, त्याला शिंका आल्या.
टेबलावर पोलादी पट्टी ठेवून मी म्हटलं,
"आठे ठेव अंगठा."
त्यानं मूठ मिटली.
"शाई कुठंय?"
शाई नाही रे, फक्त माप.
"मागं घेतला होता एकदा. जमिनीच्या दाव्यावर.
अकरा वर्षं झाली. अजून नाव लागलं नाही."

पट्टी आमच्यामध्ये तशीच पडून.
मग आपण होऊन त्यानं अंगठा पँटीला पुसला
आणि ठेवला, जपून,
फुलाखाली धरतो तसा.
नखाच्या बुंध्याशी बावीस मिलिमीटर.

त्या रात्री चार वर्षांचे फोटो पुन्हा काढले.
जिथे जिथे अंगठा, तिथे आता माप होतं.
कड्यावरची आमरी दीड अंगठा,
रानहळदीचं कणीस पाच,
तेरड्याची ती बारकी जात अर्ध्या नखात मावली.
कंदीलफूल: अंगठे दोन, वर जरासं.
सत्तेचाळीस मिलिमीटर.
ना तिनाच्या आत, ना पाचाच्या पुढे.
मी एकटाच हसलो.

नोंदीच्या कागदावर जातीची ओळ कोरी सोडली.
खालच्या ओळीत, जमा करणाऱ्याच्या,
गुमानचं नाव लिहिलं: त्याचं, बापाचं, आडनाव,
पाडा, तालुका अक्राणी,
उताऱ्यावर लिहितात तसं, काना-मात्रा तपासून.
त्याचा फोटो काढून त्याला पाठवला.
माझाही जरा हललाच.

एकच टिक आहे अजून.
तो खडकावर चढायचाय.